खारेपाटाचा बांध

मुंबईहून अलिबागला जाताना धरमतरचा पूल ओलांडला, की सपाट भातखाचरे लागतात. हा खारेपाट. भरतीला बुडणारी ही खाजणे आगरी शेतकऱ्यांनी चिखलाचे बांध घालून पिकाखाली आणली. हॉलंडचे बांध पाहून आपण तोंडात बोट घालतो. हे मात्र गाडीच्या काचेतूनही पाहत नाही!

धरमतरच्या खाडीला अंबा नदी मिळते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाऱ्याला मुखाकडे रेटते. पाऊस सरून नदी आटली, की खारे पाणी जड असल्याने तळातळाने आत शिरते. चैत्र-वैशाखात तर ते फार वर पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाची खरी कसोटी. बांधातल्या उघाडीची झडप भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले, की मोड आलेले बी, म्हणजे रहू, फेकायचे. पण बांधाला एक खांड पडली, तर पीक जाते आणि पुढचे काही पावसाळे मीठ धुण्यातच जातात.

म्हणून दरवर्षी बांधावर चिखल चढवावा लागे. ते कष्ट कुळांचे. धान्याचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा मात्र खोत-सावकारांचा. अखेर २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमीन कसायचे नाकारले. लाकूडफाटा, मासेमारी, मजुरी यांवर घरे चालली, पण माणसे हटली नाहीत. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. संप १९३९ पर्यंत टिकला, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात कूळ कायदा झाला. एवढा लांबलेला शेतकरी संप आपल्या शाळेच्या इतिहासात आला नाही, याचे नवल वाटते.

पुढे १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खार जमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे नेली. कागदावर हे ठीकच होते. पण उधाण निविदेची वाट पाहत नाही. खांड वेळेवर बुजली नाही, तिथे भातखाचरांत कांदळवन उगवले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई केली. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच; पण अशा शेताच्या मालकाच्या हाती आता सातबारा आहे आणि शेतात तिवरे.