तेरेखोलची वाट : गाडीसह खाड्या ओलांडत गोव्याकडे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून गोव्याला निघणारी बहुतेक वाहने पनवेल गाठून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरतात आणि बांद्यापुढे पत्रादेवी येथे गोव्याच्या हद्दीत शिरतात. या रस्त्याला समांतर, किनाऱ्याने जाणारी दुसरी वाटही आहे. तीवर गाडी अनेकदा फेरीबोटीवर चढवावी लागते आणि शेवटची बोट मिळते ती तेरेखोलला. १९६१ पर्यंत ही भारत आणि पोर्तुगीज वसाहत यांच्यातील आंतरराष्ट्रीय सीमा होती.

आरंभीचा मार्ग

बदलापूरकरांना कर्जत, खोपोली, पालीमार्गे वाकण फाट्यावर महामार्ग गाठता येतो. अंबरनाथहून काटई रस्त्याने व उल्हासनगरहून कल्याण-शीळमार्गे तळोजा, पनवेल, पेण असा रस्ता आहे. पहिल्या फेरीपासूनच सागरी मार्ग धरायचा असेल, तर पेणहून वडखळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड असे जावे.

चार खाड्या, चार फेऱ्या

रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत गाडी नेणाऱ्या चार फेऱ्या या मार्गावर लागतात. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड असा त्यांचा क्रम आहे. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. स्थानिक लोक या बोटींना ‘जंगल जेटी’ म्हणतात. गाडीचे आणि प्रवाशांचे तिकीट वेगवेगळे असते. बोटीवर गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढून ती गिअरमध्ये ठेवावी.

पाण्यावरचा वेळ थोडा असला, तरी वाचणारे अंतर मोठे असते. दाभोळची बोट चुकल्यास पलीकडच्या काठावरील गुहागर तालुका गाठण्यासाठी चिपळूणमार्गे वळसा घालावा लागतो. म्हणून प्रत्येक धक्क्यावरील शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. सुटीच्या दिवसांत रांगेसाठी जादा तास हाताशी ठेवावा. वादळी हवामानात फेऱ्या थांबवल्या जातात, त्यामुळे पावसाळ्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, गुहागर किंवा गणपतीपुळे आणि मालवण किंवा वेंगुर्ले असे तीन मुक्काम केल्यास प्रवास घाईचा होत नाही. जयगडच्या पुढे रत्नागिरीहून दक्षिणेस मोठ्या खाड्यांवर पूल झालेले आहेत.

तेरेखोलची सीमा

शिरोडा, रेडी मागे टाकल्यावर रस्ता तेरेखोल किल्ल्याकडे चढतो. येथे नवख्या प्रवाशाचा हमखास गोंधळ होतो. नदी ही सीमा असावी, असे नकाशा पाहून वाटते. परंतु तेरेखोल हे गाव नदीच्या उत्तर काठावर, तीन बाजूंनी महाराष्ट्र व पाणी यांच्या कवेत असूनही गोव्यात मोडते. एमएच-०५ क्रमांकाची गाडी जमिनीवरच हद्द ओलांडते. तेरेखोल ते केरी ही फेरी गोव्यातून गोव्यातच नेते.

याचे कारण इतिहासात आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला आणि नदीपलीकडचा हा तुकडा त्यांच्याकडेच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला गोव्याच्या सीमांवर शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवी येथे त्याचे स्मारक आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही सीमा दोन राज्यांमधील हद्द म्हणून उरली.

भरती-ओहोटीचे गणित

केरीची फेरी गोवा सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. नदीच्या मुखाशी वाळू साचत असल्याने मोठ्या ओहोटीत ही फेरी थांबू शकते. कोळी बांधवांचा जुना ठोकताळा येथे उपयोगी पडतो : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी तळाला जाते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत अधिक उतरते. म्हणजे पौर्णिमेच्या सायंकाळी पाच वाजता तेरेखोलला पोहोचणे टाळावे. फेरी बंद असल्यास आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलावरून पेडणे तालुक्यात उतरता येते.

कागदपत्रे

खासगी गाडीसाठी नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना पुरेसा आहे. भाड्याची गाडी असल्यास ती प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असावी व तिचा परवाना गोव्यासाठी वैध आहे का, हे पाहावे. परतताना गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य महाराष्ट्रात आणणे दंडनीय आहे. देशाबाहेर गाडी न्यायची झाल्यास हा पसारा वाढतो; वाहनाचा ‘कार्नेट’ नावाचा सीमाशुल्क दस्तऐवज अनेक देश मागतात. २०२३ मध्ये सुरू झालेली नागपट्टणम ते श्रीलंकेतील कांकेसंतुरै ही बोट प्रवाशांसाठी आहे. तीवर गाडी चढत नाही.

पुलांआधी

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा, बागमांडला, दाभोळ आणि जयगड या चारही ठिकाणी पूल बांधायचे ठरले आहे. ते झाल्यावर किनाऱ्यावरील गावांचा रुग्णालय, बाजार व महाविद्यालयाचा रस्ता रात्री-अपरात्रीही खुला राहील. शेवटची बोट चुकण्याची धास्ती संपेल. पर्यटकाला मात्र ही वाट पाण्यावरून पाहायची असेल, तर ती पुलांआधीच पाहावी लागेल.