गुन्हेगारीची मानसशास्त्रीय मीमांसा

एकाच घरात, सारख्याच हलाखीत वाढलेल्या दोघा भावांपैकी एक चोरीकडे वळतो, दुसरा वळत नाही. गरिबी, बेकारी, वस्ती ही कारणे दोघांनाही लागू असतात. त्यामुळे या फरकाचा उलगडा त्यांतून पुरता होत नाही. तो व्यक्तीचे बालपण, स्वभाव आणि विचार करण्याची रीत यांत शोधणाऱ्या अनेक उपपत्ती गेल्या शतकभरात पुढे आल्या. त्या एकमेकींशी नेहमीच जुळतात असे नाही.

या विचाराची सुरुवात मनापासून नव्हे, तर कवटीपासून झाली. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असे मांडले. चार्ल्स गोरिंग याने इंग्लंडमधील कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये हे मत खोडून काढले. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची कल्पना हिंदुस्थानात मात्र त्याआधीच कायद्यात उतरली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे पारधी, कैकाडी यांसारख्या अख्ख्या जमातींवर शिक्का बसला, आणि सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची ‘सेटलमेंट’ उभी राहिली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याला मानसशास्त्राचा कसलाही आधार नव्हता.

मनोविश्लेषणाने लक्ष बालपणाकडे वळवले. काही माणसांत अपराधी भावना गुन्ह्यानंतर नव्हे तर आधीच असते आणि शिक्षा ओढवून घेण्यासाठीच ती गुन्हा करतात, असे फ्रॉइडने १९१६ मध्ये लिहिले. कल्पना मोठी चतुर, पण तपासून पाहायला जवळजवळ अशक्य. जॉन बोल्बीचे काम अधिक ठोस होते. लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ४४ चोरट्या मुलांची माहिती त्याने १९४४ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच केंद्रातील, पण चोरी न करणाऱ्या ४४ मुलांशी तिची तुलना केली. चोरट्यांपैकी १४ मुले कोणावरही जीव न लावणारी, कोरडी होती. त्यांतील १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. तुलनेच्या गटात अशी ताटातूट झालेली मुले दोनच निघाली. निष्कर्ष गाजला, तरी निदान बोल्बीने स्वतःच केले होते, आणि चोरट्यांपैकी २७ मुलांची अशी ताटातूट झालेलीच नव्हती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

हान्स आयझेंक याने १९६४ मध्ये स्वभावावर भर दिला. चुकीनंतर शिक्षा, असे पुनःपुन्हा घडल्याने मुलाच्या मनात भीती रुजते आणि तीच पुढे सदसद्विवेकाचे काम करते. बहिर्मुख व भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तींत ती नीट रुजत नाही, असे त्याचे म्हणणे. आल्बर्ट बँड्युरा याने १९६१ मध्ये दाखवले की मुले पाहूनही शिकतात: मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलेले पाहिलेली मुले तशीच, काही वेळा शब्दही तेच वापरून, तिच्यावर तुटून पडली. अर्थात बाहुली बडवणे म्हणजे गुन्हा नव्हे.

रोजच्या अनुभवाला सर्वांत जवळची उपपत्ती आली ती ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांकडून (१९५७). गुन्हा करणाऱ्याला चांगले-वाईट कळत नाही असे नाही. तो त्या वेळेपुरती मनाची समजूत घालतो. ‘माझा इलाजच नव्हता’, ‘त्याचे काय एवढे नुकसान झाले?’, ‘त्याला तसाच धडा हवा होता’, ‘पकडणारे कुठे धुतल्या तांदळाचे आहेत?’, ‘दोस्तासाठी करावे लागले’: त्यांनी सांगितलेले पाचही प्रकार या बोलण्यांत येतात. चोरट्यापासून लाच खाणाऱ्या बाबूपर्यंत सर्वांना हे लागू पडते. समजूत गुन्ह्याआधी घातली जाते की नंतरची ती सारवासारव असते, हा वाद मात्र मिटलेला नाही.

दया, पश्चात्ताप यांचा अभाव असलेल्या मनोविकृत व्यक्तिमत्त्वासाठी रॉबर्ट हेअर याची २० मुद्द्यांची पडताळणी सूची वापरली जाते. असे लोक तुरुंगातही अल्पसंख्यच असतात. चित्रपटांनी त्यांचे प्रस्थ उगाच वाढवले. याउलट टेरी मॉफिट हिने १९९३ मध्ये वयाकडे बोट दाखवले. पौगंडावस्थेत अनेक मुले वाकडी वाट धरतात आणि मोठेपणी ती सोडतात. लहानपणापासून सुरू होऊन पुढेही टिकणारी गुन्हेगारी थोड्यांचीच असते.

न्यायालयात या मीमांसेला मर्यादित जागा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचे कळण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीलाच त्या कृत्यासाठी गुन्हेगार धरले जात नाही. खडतर बालपण किंवा तापट स्वभाव यांचा विचार झालाच तर शिक्षा ठरवताना होतो. १६ ते १८ वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी होते आणि त्यासाठी बाल न्याय मंडळ मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकते.