मुंगी गावावर चालून येते तेव्हा

कवीला आवडता सिनेमा विचारला की त्यानं ‘प्यासा’ म्हणावं, अशी लोकांची अपेक्षा असते. ‘प्यासा’ मलाही आवडतो. पण श्रोतेहो, आज खरं सांगायचं ठरवूनच मी इथं बसलो आहे. मला वेड आहे ते वेगळ्याच सिनेमांचं. अमेरिकेतलं एखादं लहानसं गाव. एक पेट्रोलपंप, एक किराणा दुकान, एक शेरीफ म्हणजे तिथला फौजदार. आणि त्या गावावर चालून आलेली हत्तीएवढी मुंगी. नाहीतर कोळी. नाहीतर सरडा. पैसे कमी, मुंगी खोटी, किंकाळ्या मात्र मन लावून मारलेल्या.

हे वेड मला औशात लागलं. १९८४-८५च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ सेंटर निघालं. तिकीट दोन रुपये. रात्री दहानंतर इंग्रजी कॅसेट. ती कितव्या नकलेची नक्कल असे, अल्ला जाणे. टीव्हीवर आधीच मुंग्या यायच्या, त्यात सिनेमाही मुंग्यांचा! इंग्रजी कुणालाच कळत नसे. व्हीसीआर चालवणारा दहावी नापास पोरगा आम्हाला भाषांतर करून सांगायचा, “आता तो म्हणतोय, साहेब, म्या सोत्ताच्या डोळ्यांनी बघितलं. साहेब म्हणतोय, तू पिऊन आलायस.” पुढं कॉलेजात इंग्रजी शिकून मी तेच सिनेमे पुन्हा पाहिले, तेव्हा कळलं की पोरगा फारसा चुकत नव्हता. या सगळ्या सिनेमांची गोष्ट तेवढीच आहे. एकानं बघितलेलं असतं आणि बाकीच्यांना पटत नसतं.

याची सुरुवात कुठून झाली हे पाहायचं तर १९५४च्या ‘देम!’पाशी जावं लागतं. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पोलिसांना एक लहान मुलगी भटकताना सापडते. हातात बाहुली, तोंडातून शब्द नाही. तिच्या घरच्यांची फिरती गाडी फाटून पडलेली, जवळच्या दुकानाची भिंत बाहेरच्या बाजूला फुटलेली, पैशांना हात न लावता साखर तेवढी नेलेली. पहिला साक्षीदार हा असा, ज्याला बोलताच येत नाही. ही जागा लेखकानं उगीच निवडलेली नव्हती. न्यू मेक्सिकोतच, अलामोगोर्डोजवळ, १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुबॉम्ब फोडून पाहिला गेला होता. त्या किरणांनी मुंग्या वाढल्या, असं सिनेमातला म्हातारा प्राध्यापक सांगतो. शास्त्र म्हणून हे टिकत नाही. एवढी मोठी मुंगी स्वतःच्याच वजनानं कोसळेल, तिला श्वासही घेता येणार नाही. पण १९५४च्या प्रेक्षकाला शास्त्र नको होतं. आपल्या सरकारनं नऊ वर्षांपूर्वी रानात काहीतरी केलं आणि ते अजून संपलेलं नाही, ही शंका त्याच्या पोटात होतीच. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली, आणि वर्ष सरण्याआधी जपाननं ‘गोजिरा’ पडद्यावर आणला.

‘देम!’ रंगीत करायचा बेत होता. पैशांची कात्री लागली आणि नावापुरता रंग उरला. सिनेमा काळापांढरा, नाव लालनिळं. आमच्या कॅसेटमध्ये तेही राखाडीच दिसायचं.

हे सिनेमे निघत होते तरी कुणासाठी? १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं थिएटरांवरची मोठ्या स्टुडिओंची पकड सोडवली. घराघरांत टीव्ही आला, मोठी माणसं घरीच बसू लागली. उरली ती मोटार चालवायला शिकलेली कॉलेजची पोरं. त्यांच्यासाठी गावाबाहेर ड्राइव्ह-इन थिएटरं होती, त्या दशकाच्या अखेरीस चार हजारांवर. तिथं एका तिकिटात दोन सिनेमे लागत, आणि दुसरा स्वस्तातला हवा असे. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी तर आधी नाव आणि पोस्टर ठरवायची, सिनेमा मागाहून. रॉजर कॉर्मन यांनी याच बाजारात शेकडो सिनेमे काढले. मे २०२४ मध्ये ते ९८व्या वर्षी गेले, तेव्हा मी घरात एकट्यानं त्यांचा खेकड्यांचा सिनेमा लावून बसलो होतो.

कंजुषीच्या कथा सांगाव्या तेवढ्या थोड्या. १९५९ मध्ये टेक्सासमध्ये रे केलॉगनं दोन सिनेमे काढले. एकात राक्षसी चिचुंद्र्या आहेत. त्या म्हणजे अंगावर केसाळ पांघरुणं चढवलेले कुत्रे. धावताना त्यांची शेपटी आनंदानं हलते की काय, असा मला संशय आहे. दुसऱ्यात खराच सरडा खेळण्यातल्या आगगाडीशेजारून चालतो. १९७२चा ‘नाइट ऑफ द लेपस’ तर सशांचा! ॲरिझोनातल्या गावावर ससे चालून येतात. हे गरीब पाळीव ससे खेळण्यातल्या घरांमधून संथ गतीनं पळवलेले आहेत, आणि हल्ल्याच्या दृश्यात सशाचं सोंग घेतलेला माणूस आहे. माझी मुलगी पहिल्यांदा पाहत होती तेव्हा शेवटपर्यंत सशांच्याच बाजूनं होती.

पण याच कंजुषीतून या सिनेमांचा जीव तयार झाला, असं माझं मत आहे. प्राणी धड दाखवता येत नाही म्हणताना वेळ भरायचा कशानं? गावानं. म्हणून डॉक्टर येतो, मास्तर येतो, टेलिफोनवरची बाई येते. १९५८चा ‘द ब्लॉब’ घ्या. आकाशातून पडलेला एक लिबलिबीत गोळा माणसं गिळत सुटतो. दिग्दर्शक अर्विन यीवर्थ हा एरवी धार्मिक आणि शैक्षणिक लघुपट काढणारा माणूस. त्यानं पेन्सिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिल नावाच्या खऱ्याखुऱ्या गावात बरंचसं चित्रण केलं. रंग घातलेल्या सिलिकॉनचा तो गोळा तसा थोडाच वेळ दिसतो. बाकी वेळ पोरं पोलिसांना सांगत असतात आणि पोलीस पोरांना घरी पाठवत असतात. शेवटी पोरं मध्यरात्री मोटारींचे भोंगे वाजवून गाव उठवतात. गोळ्याला थंडी सोसत नाही हे कळल्यावर आग विझवायची नळकांडी हवी असतात. ती शाळेत, आणि शाळेला कुलूप. तेव्हा खुद्द मुख्याध्यापक दगड उचलून आपल्याच शाळेची काच फोडतात. इथं मी दर वेळी टाळी वाजवतो.

आपल्याकडे स्वस्तातली भीती रामसे बंधूंनी विकली. त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२चा, महाबळेश्वरात चित्रित झालेला. तेही मी पाहतो. पण आपल्या भुताला सूड असतो. ठाकूरच्या आजोबांनी काही केलेलं असतं, ते नातवाला फेडावं लागतं. मुंगीचं कुणाशी वैर नाही. ती रस्त्यात गाव लागलं म्हणून येते.

पुढं अमेरिकेची भीती बदलत गेली, तसं प्राण्यांचं कारणही बदललं. १९७५च्या ‘जॉज’मध्ये सुट्ट्यांच्या हंगामाचा धंदा बुडू नये म्हणून महापौर समुद्रकिनारा उघडा ठेवतो. तो सिनेमा स्वस्त राहिला नाही, आणि त्याच्यामागून अस्वलं, मासे, काय काय आलं. त्यातला मला जवळचा १९७७चा ‘किंगडम ऑफ द स्पायडर्स’. फवारण्यांनी कोळ्यांचं खाद्य मारलं, म्हणून ते गुरांवर आणि माणसांवर येतात. अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. सुमारे ५,००० जिवंत कोळी आणून सोडले होते म्हणे. इथंही जत्रा तोंडावर आलेली असते, आणि महापौर म्हणतो, फवारा मारा, जत्रा होऊ द्या. ॲरिझोनातला तो महापौर मला आपल्याकडच्या कुठल्याही गावात सापडेल, असं मी मित्रांना हसून सांगायचो.

१९९२ साली मी बीए होऊन औशात बसलो होतो. ऑक्टोबरात किल्लारी भागाला हादरे बसू लागले. माझी नानी तेरणेच्या काठच्या एका खेड्यात राहायची. दगडमातीच्या दीडदोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. हादरे सुरू झाल्यावर तिनं बाज अंगणात काढली. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, “नीचे कुछ तो बी चल रा, बेटा.” खाली काहीतरी चालतंय. मी हसलो. शाळेच्या भूगोलात दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, कठीण कातळ असंच शिकलो होतो, आणि ते मी तिला समजावून सांगितलं. माझंच काय, सरकारी नकाशातही तो भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा २००२ मध्ये बदलला. थंडी वाढत होती. तिची बाज मी स्वतः उचलून आत ठेवली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. नानीमा आतच होती.

‘ट्रेमर्स’ मी १९९६ साली केबलवर पाहिला. नाव वाचून बंद करणार होतो. सिनेमा १९९० सालचा. नेवाडाच्या वाळवंटात परफेक्शन नावाचं गाव, लोकसंख्या चौदा. जमिनीखालून आळ्यांसारखे प्रचंड प्राणी येतात, पावलांच्या हादऱ्यांवरून माणूस ओळखतात. भूकंपाच्या लहरी मोजायला आलेली एक विद्यार्थिनी असते, तिच्या यंत्रावर विचित्र आकडे उमटतात. तळघरात बंदुकांचं दुकान मांडलेलं नवरा-बायको असतात. त्यांच्या तळघराची भिंत फोडून प्राणी आत येतो, तेव्हा मी पोट धरून हसलो. वर्षा-दोन वर्षांत इतका हसलो नव्हतो.

सुरुवातीला मात्र एक प्रसंग आहे. विजेच्या तारांच्या मनोऱ्यावर गावातला एक म्हातारा बंदूक धरून बसलेला दिसतो. वर चढून पाहतात तर मेलेला. तहानेनं. खाली काहीतरी आहे हे त्याला कळलं होतं, म्हणून तो मरेपर्यंत उतरला नाही.

पुढं सगळं गाव छपरांवर चढून बसतं. जमिनीला पाय लावायची कुणाची छाती नाही. आमच्याकडे उलटं झालं होतं. किल्लारीनंतर कित्येक महिने लोक छपराखाली जायला तयार नव्हते. घर धड उभं असलं तरी बाजा बाहेर. त्यांना जमिनीची भीती, आम्हाला छपराची. आणि हे प्राणी आले कुठून, याचं उत्तर ‘ट्रेमर्स’मध्ये नाही. पात्रं आपसांत तर्क करतात, कुणी अणुबॉम्ब म्हणतं, कुणी परग्रह, आणि विषय तिथंच राहतो. आमच्याकडेही धरणापासून पापापर्यंत सगळी कारणं लोकांनी चावडीवर सांगून पाहिली होती.

हे झाल्यावरही तुम्ही असले सिनेमे मजेनं कसे पाहता, असं मला एकदा मुशायऱ्यानंतर एका गृहस्थांनी विचारलं. मजेनंच पाहतो. या सिनेमांत न मानणाऱ्या माणसाला तास-दीड तासात मानावं लागतं, आणि तेव्हा गावात बरीच माणसं शिल्लक असतात. मुख्याध्यापकाला दगड उचलायला वेळ मिळतो.

फिनिक्सव्हिलमध्ये २००० सालापासून उन्हाळ्यात ‘ब्लॉब’ची जत्रा भरते. ज्या कलोनियल थिएटरातून सिनेमातले लोक ओरडत बाहेर पळतात, त्याच थिएटरातून आजची माणसं तशीच ओरडत पळतात. पोरं, म्हातारे, कडेवरची बाळं. मला एकदा त्यांच्यात पळायचं आहे.

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मुलीनं ‘ट्रेमर्स’ लावायला सांगितलं. मनोऱ्याचा प्रसंग आला तशी ती म्हणाली, “अब्बा, कुणीतरी पाणी तरी द्यायचं ना त्याला वर.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “आता काय करणार हे?”

“आता छपरावर चढतील,” मी म्हणालो. तिनं चादर पायांवर ओढून घेतली आणि माझ्याकडे सरकून बसली.