मैदान कुणाचे?

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे चालू लागलो की ओव्हल मैदान लागते. जवळच क्रॉस मैदान आणि आझाद मैदान. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या या शहरात एवढी मोकळी जागा उरली कशी? कुणी तरी मुलांचा विचार करून ती राखली असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती राखली तोफांनी! किल्ल्यावर चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरचा पट्टा मोकळा ठेवला होता. त्याला एस्प्लनेड म्हणत. १८६० नंतरच्या दशकात तट पाडले गेले, पट्ट्याच्या काही भागावर इमारती उठल्या, आणि उरली ती ही मैदाने.

या माळावर आधी पारशी मुले क्रिकेट खेळू लागली, मागून हिंदू आणि मुसलमान आले. १८७५ साली शेजारीच बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त गोऱ्यांसाठी. त्यांचे क्रिकेटचे मैदान वेगळे, राखलेले. पोलो मात्र ते खेळत एतद्देशीयांच्या माळावर.

आठवड्यातून दोनच दिवस पोलो, मग तक्रार कसली? इथे थोडे पदार्थविज्ञान आठवू. समजा, घोडा ४०० किलोचा आहे. त्याचा खूर टेकतो ती जागा जेमतेम आपल्या तळहाताएवढी. दौडताना काही क्षण सगळा भार एकाच खुरावर येतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. आकडेमोड विद्यार्थ्यांनीच करावी. ओल्या जमिनीत अशा खुराने खड्डा पडतो, गवत मुळासकट निघते आणि ऊन पडले की तो खड्डा तसाच कडक होतो. त्यावर टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल, याचा नेम नाही. घोडेस्वार दोन दिवस खेळून जात. खेळपट्टी आठवडाभर बिघडलेली राही.

१८८१ साली चारशेहून अधिक खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. घोड्यावरचे मूठभर, पायी खेळणारे शेकडो, असा सरळ हिशेब. सरकारने पोलो कूपरेजकडे हलवायला सांगितले. पण जिमखान्याचे वजन मोठे. थोड्याच काळात घोडे परत आले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली, म्हणून आपल्याला ती कळते.

सरकारने पुढे तोड काढली ती वेगळीच. समुद्रकाठी पारशी, हिंदू, मुसलमान अशा प्रत्येक समाजाच्या जिमखान्याला स्वतंत्र जागा मिळाली. हिंदू जिमखाना १८९४ चा. जागा मिळाली खरी, पण सगळ्यांनी मिळून मागितलेले मैदान धर्मवार वाटले गेले. धर्मवार संघांचे सामनेही वाढत गेले आणि ते बंद व्हायला १९४६ साल उजाडावे लागले. हा सौदा महागात पडला, असे आम्हांला वाटते.

आझाद मैदान मात्र तसे वाटले गेले नाही. तिथे आजही खेळपट्ट्या इतक्या लागून आहेत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाला पाठ लावून उभा असतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली.