मृद्‌वर्ण, गृहशोभनातील

मृद्‌वर्ण, गृहशोभनातील : मातीपासून मिळणारी किंवा मातीच्या छटांशी साम्य असलेली रंगद्रव्ये वापरून वास्तूच्या अंतर्भागातील भिंती, जमीन व छत रंगविण्याची पद्धती. तांबडी माती (गेरू, काव, हिरमजी), पिवळी माती (रामरज), पांढरी माती व खडू, हिरवी माती आणि तपकिरी माती ही या वर्गातील प्रमुख रंगद्रव्ये होत. त्यांपैकी तांबड्या, पिवळ्या व तपकिरी मातीचा रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. तपकिरी मातीत मँगॅनिजाचे ऑक्साइडही असते. हिरमजी हे नाव इराणच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या हुरमुझ बेटावरून आलेले असून तेथील तांबडी माती प्रसिद्ध आहे.

खोलीला कोणता रंग द्यावा, हा आज अभिरुचीचा प्रश्न मानला जातो. इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात मात्र त्याचे उत्तर घराखालच्या जमिनीने आणि गिलाव्यातील चुन्याने दिले. मृद्‌वर्णांचा इतिहास हा बव्हंशी या दोन बंधनांचा आणि पुढे ती सैल होत गेल्याचा इतिहास आहे.

रंग आणि चुना : ओला चुना तीव्र क्षारधर्मी असतो. त्याच्या सान्निध्यात बहुतेक वनस्पतिज रंग बदलतात किंवा नष्ट होतात. हळदीत चुना पडताच ती लाल होते, हा अनुभव मराठी घरांत सर्वांना आहे. कुंकू करण्याची एक जुनी रीत याच विक्रियेवर आधारलेली आहे. लोहाच्या मातींवर चुन्याचा असा परिणाम होत नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग होऊन चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि त्यात मातीचे कण पक्के बसतात. त्यामुळे चुन्याच्या भिंतीवर टिकेल असा रंग हवा असल्यास कारागिरासमोर मातीखेरीज फारसे पर्याय नव्हते. पिवळी माती भाजली असता तिच्यातील पाणी निघून जाऊन ती तांबडी होते. म्हणजे एकाच खाणीतून आणि एका भट्टीतून पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंतच्या छटा मिळू शकत. या छटा एकमेकींशी सहज जुळतात, याचे एक कारण त्यांच्या या रासायनिक नात्यात आहे. इटलीतील सिएना येथील माती कच्ची व भाजलेली अशा दोन्ही रूपांत चित्रकारांना परिचित आहे.

प्राचीन काळ : दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बॉस गुहेत सु. १ लाख वर्षांपूर्वी गेरू कुटून तो शिंपल्यांत कालविल्याचे अवशेष मिळाले आहेत. राहत्या घराच्या आतील भिंती रंगविल्याचे फार जुने आणि विपुल पुरावे तुर्कस्तानातील चाताल हूयूक येथे सापडतात. इ. स. पू. सातव्या सहस्रकात गजबजलेल्या या वसाहतीचे उत्खनन जेम्स मेलार्ट यांनी १९६१ मध्ये सुरू केले. येथील घरांच्या भिंतींना पांढऱ्या मातीचे पातळ लेप पुनःपुन्हा दिलेले आढळतात. काही भिंतींवर अशा लेपांचे शंभरांहून अधिक थर मोजता येतात आणि त्यांतील काही थरांवर गेरूचे पट्टे व चित्रे आहेत. चित्र काढावे, काही काळाने ते पांढऱ्या लेपाखाली झाकावे, असा क्रम तेथे होता. रंगकाम हे एकदाच करून संपणारे काम नसून घराच्या निगराणीचा भाग आहे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

रोमन गृहशोभनाविषयी व्हिट्रूव्हिअस या वास्तुविशारदाने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात रंगांची तपशीलवार चर्चा आहे. खोलीचा उपयोग पाहून रंग ठरवावा, असे तो सांगतो. हिवाळी भोजनगृहात विस्तवाचा धूर व दिव्यांची काजळी असते. तेथे नाजूक चित्रे काढणे व्यर्थ, त्यापेक्षा काळे झिलईदार फलक आणि त्यांमध्ये पिवळ्या मातीचे किंवा हिंगुळाचे लहान तुकडे बसवावेत, असा त्याचा सल्ला आहे. रंगांच्या किंमतींचीही त्याने नोंद केली आहे. मौल्यवान रंग घरमालकाने स्वतः पुरवावयाचे, अशी अट करारातच घातली जाई. मातीचे रंग कंत्राटदार आणी. फाबेरिअस नावाच्या लेखनिकाची त्याने सांगितलेली हकीकत तर कोणत्याही काळातील घरमालकाला ओळखीची वाटावी. अव्हेंटाइन टेकडीवरील आपले घर डौलदार दिसावे म्हणून या गृहस्थाने स्तंभांनी वेढलेल्या चौकाच्या सर्व भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. तीस दिवसांत त्या ओंगळ व डागाळलेल्या दिसू लागल्या आणि त्याला दुसऱ्या रंगांसाठी नवा करार करावा लागला. हिंगूळ उन्हात काळवंडतो. गेरू काळवंडत नाही. व्हीस्यूव्हिअसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई येथील काही पिवळ्या भिंती उष्णतेने तांबड्या झाल्या आहेत, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. आज ‘पाँपेईचा तांबडा’ म्हणून ओळखला जाणारा रंग सर्व ठिकाणी मूळचा आहेच असे नाही.

महाराष्ट्रातील परंपरा : अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे हा अंतर्भाग रंगविण्याचा भारतातील सर्वांत भव्य प्राचीन प्रयत्न होय. तेथे माती, वनस्पतींचे तंतू इत्यादींच्या गिलाव्यावर पातळ पांढरा लेप देऊन, तो सुकल्यावर बंधकात कालविलेले रंग लावले आहेत. तांबडा व पिवळा हे लोहमातीचे, काळा काजळीचा आणि हिरवा हिरव्या मातीचा आहे. ही हिरवी माती दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतच मिळते. म्हणजे ज्या खडकात लेणी खोदली, त्याच जातीच्या खडकाने त्यांना हिरवा रंग पुरविला. निळा मात्र राजावर्त या रत्नाचा असून ते अफगाणिस्तानाकडून येई. तो प्रामुख्याने पाचव्या शतकातील चित्रांत दिसतो.

सामान्यांच्या घरांत भिंतीचा रंग हा भिंतीच्या मातीपासून वेगळा नव्हता. देशावर गावाच्या वसाहतीला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. काळी माती भिजली की फुगते व सुकली की भेगाळते, म्हणून ती भिंतीला चालत नाही. भिंती व माळवदे पांढऱ्या मातीची करीत आणि त्याच मातीने घर पोतारीत. जमीन शेणाने सारवीत. चुलीभोवती, उंबऱ्याशी आणि भिंतीच्या पायाशी गेरूचा पट्टा ओढीत. त्यात शोभा होतीच, पण शिंतोडे, धूळ व पाठ टेकल्याचे डाग जेथे पडतात तेथे गडद रंग आणि जेथून उजेड परावर्तित व्हावयाचा तेथे पांढरा, असा व्यवहारही होता. लहान खिडक्यांच्या अंधाऱ्या घरात संपूर्ण भिंत गेरूने रंगविली असती, तर दिवसाही दिवा लावावा लागला असता. हे काम प्रायः स्त्रिया करीत. म्हणूनच की काय, वास्तुकलेच्या ग्रंथांत त्याची नोंद क्वचितच झाली.

वारली घरांत कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपून त्यांवर गेरूचा हात दिला जातो आणि तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढली जातात. लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर सुवासिनी देवीचा चौक लिहितात. १९७० नंतर ही चित्रे कागदावर व कापडावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या कामामुळे त्यांना परदेशातही कीर्ती लाभली. तथापि गेरूची पार्श्वभूमी ही मुळात चित्राची निवड नसून घराची भिंत होती, ही गोष्ट चौकटीतील चित्र पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

गोवा, सिंधुदुर्ग व उत्तर कन्नड या पट्ट्यात कावी काम ही स्वतंत्र पद्धती विकसित झाली. जांभा प्रदेशातील तांबडी माती म्हणजे काव. शिंपल्यांचा चुना, वाळू व गूळ यांचे मिश्रण काही दिवस मुरवून गिलावा करीत. त्यावर चुन्यात मिसळलेल्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच कंपास व लोखंडी टोकदार हत्यार यांनी आकृती कोरीत. खरवडलेल्या जागी खालचा पांढरा थर उघडा पडे. नंतर पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करीत. मंदिरांप्रमाणेच घरांच्या भिंतींवरही हे काम आढळते. वेली, कमळे, भौमितिक चक्रे व पौराणिक प्रसंग हे त्याचे विषय आहेत. फक्त दोन रंग असूनही या भिंती कधी रित्या वाटत नाहीत. मुसळधार पाऊस व खारी हवा असलेल्या किनाऱ्यावर हे काम अनेक पिढ्या टिकले, याचे श्रेय चुना व लोहमाती यांच्या मेळाला द्यावे लागेल.

रसायनयुग : १७०६ च्या सुमारास बर्लिन येथे तयार झालेला प्रशियन निळा, १७७५ मध्ये शेले यांनी शोधलेला आर्सेनिकयुक्त हिरवा आणि १८२८ मध्ये गीमे यांनी फ्रान्समध्ये बनविलेला कृत्रिम राजावर्ती निळा यांनी रंगांचे स्वरूप पालटले. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. राजावर्ती निळा टिकतो, म्हणून कपड्यांची नीळ आपल्याकडे चुन्याच्या सफेदीतही पडू लागली. हिरव्या आर्सेनिक रंगाचे भिंतीवरील कागद एकोणिसाव्या शतकात यूरोपातील दिवाणखान्यांत पसरले आणि दमट खोल्यांतील त्यांच्या विषारीपणाबद्दल पुढे मोठा वाद झाला. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा वापरला जाई. त्याच्या विषबाधेमुळे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२१ मध्ये, काही अपवाद वगळता, इमारतींच्या अंतर्भागात त्याचा वापर वर्ज्य करणारा करार संमत केला. गेरू आणि चुना यांच्या बाबतीत असा करार करण्याची वेळ कधी आली नाही.

रंग मुबलक झाल्यावर निवडीचे शास्त्र आवश्यक ठरले. पॅट्रिक साइम यांनी १८१४ मध्ये वेर्नर यांच्या नामावलीवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक छटेला प्राणी, वनस्पती व खनिज यांतील उदाहरणे जोडलेली होती आणि चार्ल्स डार्विन यांनी ते आपल्या जलप्रवासात वापरले. गृहशोभनात याच धर्तीचे महत्त्वाचे काम ल कॉर्ब्यूझ्ये यांनी केले. १९३१ मध्ये सलूब्रा या स्विस कंपनीच्या भिंतीवरील कागदांसाठी त्यांनी ४३ छटा निवडून त्यांचे आकाश, वाळू, मखमल अशा नावांचे संच मांडले. ग्राहकाने संच निवडावा आणि त्यातच जुळवाजुळव करावी, म्हणजे चूक होण्याचा संभव कमी, अशी ही योजना होती. रंगकंपन्यांच्या आजच्या छटापत्रिका तिच्याच वंशातील म्हणता येतील.

विसाव्या शतकात कृत्रिम लोह ऑक्साइडे व टिटॅनियम डाय-ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बनू लागली आणि शतकाच्या उत्तरार्धात रेझीनयुक्त पायस रंगांचा प्रसार झाला. १९७० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत पर्यावरणविषयक जाणिवेबरोबर तपकिरी, गेरू व शेवाळी छटांची लाट आली. तशाच छटा आता भारतीय शहरांतही मागितल्या जातात. मात्र डब्यातील ‘टेराकोटा’ किंवा ‘वाळू’ या छटेत जमिनीतील माती असेलच असे नाही. दिसण्यात ती तंतोतंत असली, तरी तिचा थर बाष्पाला पुरेशी वाट देत नाही. सिमेंटच्या भिंतीवर याने फारसे बिघडत नाही. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा थर चढविला, तर आतील ओल कोंडते, क्षार फुलतात आणि थर गिलाव्यासह सुटून येतो. कोकण-गोव्यातील कित्येक कावी भिंती जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा थरांखाली गेल्या आहेत किंवा गिलावाच पाडल्यामुळे नाहीशा झाल्या आहेत. शिशाच्या प्रश्नाला भारतात उशिरा हात घातला गेला. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले आणि हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. त्यापूर्वी चढविलेले जुने थर खरवडताना धूळ उडू न देता ते ओले करूनच काढावे लागतात.