रेणापूर नाका आणि सोळा रस्ते

लातुरात कुठल्याही रिक्षावाल्याला 'रेणापूर नाका' म्हणा, तो पुढचं काही न विचारता नेऊन सोडेल. आता नाका म्हणजे खरं तर गावाची कड. इथं लातूर संपतं आणि रेणापूरचा रस्ता सुरू होतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. पण आज नाक्यावर उभं राहिलं तर चारी बाजूंना लातूरच दिसतं. गाव नाका ओलांडून कधीच पुढं गेलं, नाव तेवढं मागं राहिलं.

तर प्रश्न असा, की शहर असं वाढतं तेव्हा ते कुणाला विचारून वाढतं? पुण्या-मुंबईत बसून आपण 'प्लॅनिंगच नाही हो!' असं अगदी सहज म्हणतो. लातूर जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर गोष्ट इतकी सोपी नाही. इथं प्लॅनिंग झालं आहे, आणि एकदा नाही, अनेकदा झालं आहे.

पहिलं प्लॅनिंग गंजगोलाईचं. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लाइन लातूरपर्यंत आली. निजामाच्या राज्यातलं हे आडबाजूचं गाव कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजाराला जोडलं गेलं. व्यापार वाढला, आणि 1917 मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराच्या आराखड्यावरून गोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत, तिथंच जगदंबेचं देऊळ, आणि चारी दिशांना फुटलेले 16 रस्ते. कुठं सोनंनाणं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ, असा एकेका मालाचा बाजार या रस्त्यांवर बसला.

काळ लक्षात घ्या. 1908 च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादेत 1912 साली शहर सुधारणा मंडळ निघालं होतं. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ 1914 पासून हिंदुस्थानातली शहरं पायी फिरून सांगत होता, की आधी गाव नीट बघा, तिथली माणसं कशी राहतात ते समजून घ्या, मग पाडापाडीचं बोला. म्हणजे हवेत विषय होता. पण निजामाचं राज्य ते निजामाचं राज्य, आराखडा वरून खाली यायचा. तरी गोलाई टिकली. मला त्याचं कारण साधं वाटतं. आराखड्यानं रस्ते ठरवले, दुकानं लोकांवर सोडली. कुठल्या रस्त्यावर काय चालेल ते व्यापाऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून ठरवलं.

दुसऱ्या वेळी मात्र लोकांना विचारलं गेलं, पण ती वेळ फार वाईट होती. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ही आपल्याकडची उन्हाळ्यात गार राहणारी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं आणि 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

गावोगाव बैठका झाल्या. लोकांनी काय मागितलं? रुंद रस्ते, सुटी घरं, आणि दगड नको! अरुंद बोळात अडकून माणसं मेलेली ज्यांनी पाहिली, ते दुसरं काय मागणार? घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्याच्यावर 750. गावं काटकोनात आखली गेली. मग काही वर्षांत दुसऱ्या अडचणी दिसायला लागल्या. शेत लांब पडलं, जनावरं बांधायला जागा नाही, भावकी आणि शेजार विखुरला, रुंद रस्त्यांची देखभाल ग्रामपंचायतीला झेपेना. लोकांनी घरांना पत्र्याचे आडोसे केले, भिंती घातल्या, आपल्या सवयीचं गाव परत हळूहळू जुळवलं.

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंटचा घोळ म्हणतात. सिस्टीम क्रॅश झाल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लायंटला 'काय हवं?' विचारलं तर तो एवढंच म्हणेल की पुन्हा क्रॅश नको. तो खोटं बोलत नसतो, पण त्याला रोज काय लागतं ते त्यात येत नाही. दोष लोकांचा नव्हता. चुकली होती ती विचारायची वेळ.

आता तिसरं प्लॅनिंग, म्हणजे आपलं नेहमीचं. ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. पुढं 'लातूर पॅटर्न'नं मराठवाडाभरची पोरं इथं आणली. ट्यूशन, होस्टेल, मेस, खोल्या. 2001 च्या जनगणनेत शहर 3 लाखांच्या आसपास होतं, 2011 ला ते सुमारे 3 लाख 83 हजारांवर गेलं, आणि त्याच वर्षी महानगरपालिका झाली.

या वाढीसाठी कायदा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करायचा, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या, नियोजन समितीनं सुनावणी घ्यायची, मग सरकारनं मंजुरी द्यायची. म्हणजे संकट येण्याआधी, शांतपणे विचारायची सोय कायद्यातच आहे. पण हरकती घेतं कोण? ज्याच्या प्लॉटवरून रस्ता जातो तो, किंवा ज्याच्या शेतावर शाळेचं आरक्षण पडलं तो. त्यांनी घ्यायलाच हवी, त्यांचा हक्क आहे. पण ज्या पोराचं मैदान जाणार, ज्या भाडेकरूच्या गल्लीत पाणी तुंबणार, ते त्या यादीत नसतात. आणि आरक्षित जमीन 10 वर्षांत घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. नकाशातलं हिरवं मैदान असं कुणाला न कळता जातं.

आणि मग 2016 येतं. धनेगावचा मांजरा प्रकल्प आटला, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून 300 किलोमीटरच्या वर प्रवास करून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातूरकर पाण्याबद्दल जितके बोलले, तितके आराखड्याच्या वेळी बोलले असते तर पाऊस जास्त पडला नसता, कबूल. पण शहर किती वाढवायचं आणि कुठल्या पाण्याच्या भरवशावर, हा प्रश्न निदान कागदावर आला असता.

हे सगळं आज सांगायचं कारण खुद्द रेणापूर. रेणुकादेवीचं गाव, आता तालुका, नगरपंचायत. नगरपंचायतीलाही याच कायद्यानं आराखडा करावा लागतो. लातूर अंबाजोगाई रस्त्यानं त्या दिशेनं सरकतंच आहे. रेणापूर आज अशा टप्प्यावर आहे, जिथं ओढा कुठून वाहतो, बाजार कुठं भरतो, गुरं कुठं चरतात हे सांगणारी माणसं जिवंत आहेत आणि जमीन अजून मोकळी आहे. लातूरच्या हातून ही वेळ निघून गेली.

आपल्यातले बरेच जण गाव सोडून हिंजवडीत किंवा बंगळुरात बसलेत. पण सातबारा गावचाच आहे, आणि हरकत अर्ज लिहायला गावात राहावं लागत नाही. नकाशा वाचता येणारा एक जण आणि ओढा माहीत असलेला एक म्हातारा, दोघं एकत्र बसले तरी पुष्कळ काम होईल. पुढच्या वेळी गावी गेलात की नगरपंचायतीत एवढंच विचारा, आपल्या गावचा आराखडा कुठवर आलाय?