बंदूक कुठल्या कागदात सापडते?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, काम सरळ आहे. विषय: अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि बंदूक. संघटनांचे ठराव, पत्रकं, भाषणं काढायची, त्यात बंदुकीचा उल्लेख शोधायचा, सापडला की कार्ड करायचं. तीन महिन्यांनी कार्डांचा डबा जवळजवळ रिकामाच. मग मी चक्क लिहून टाकलं की चळवळ अहिंसक होती, त्यामुळे स्त्रियांकडे बंदुका नव्हत्या. गाइड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं, "हे कागद कोणासाठी लिहिले होते?"

राग आला होता, खरं सांगते. पण या प्रश्नामुळेच मी डेझी बेट्स यांच्याकडे वळले.

बेट्स या आर्कान्सा राज्यातल्या एनएएसीपीच्या अध्यक्ष. ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टकचेरी करणारी जुनी, मोठी संघटना. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांनी प्रवेश घेतला, तेव्हा त्यांच्या पाठीशी बेट्स उभ्या होत्या. त्याची किंमत म्हणून घरावर दगड, अंगणात पेटवलेले क्रूस, स्फोटकं. १९५९ मध्ये याच संघटनेने नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो शाखेचे अध्यक्ष रॉबर्ट विल्यम्स यांना निलंबित केलं, कारण हिंसेला हिंसेनेच उत्तर द्यावं लागेल असं ते उघडपणे बोलले होते. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला अधिवेशन भरलं, निलंबन कायम झालं, आणि विल्यम्स यांच्या विरोधात बोलणाऱ्यांत बेट्स होत्या. आता त्याच वर्षीचं, संघटनेचे वकील थर्गूड मार्शल यांना त्यांनी लिहिलेलं पत्र बघा. त्यात त्या कळवतात की घराची राखण चालू आहे आणि 'ओल्ड बेट्सी'ला, म्हणजे घरातल्या बंदुकीला, व्यवस्थित तेल दिलेलं आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत 'ढोंग?' असं लिहिलं होतं. आज ते लिहिणार नाही. व्यासपीठावर त्या संघटनेचं धोरण सांगत होत्या, आणि समोर वर्तमानपत्रं होती, देणगीदार होते. पत्रात त्या आपल्या ओसरीबद्दल बोलत होत्या, ओळखीच्या माणसाशी. दार राखण्यासाठी बंदूक ठेवणं वेगळं आणि प्रतिहल्ल्याला चळवळीचं धोरण म्हणणं वेगळं, हा भेद त्यांच्या मनात पक्का होता. मी मात्र 'हिंसक की अहिंसक' या दोन खणांतच सगळं कोंबत होते.

गंमत अशी की बंदुकीबद्दल बोलणं कायमच असं खाजगी नव्हतं. मार्च १८९२ मध्ये मेम्फिसला 'पीपल्स ग्रोसरी' या दुकानाशी संबंधित तिघांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. त्यांतले थॉमस मॉस हे पत्रकार आयडा बी. वेल्स यांचे जवळचे मित्र. वेल्स यांनी पिस्तूल विकत घेतलं. त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफल मानाने असावी असं थेट छापलं. आधाराला उदाहरणं दिली जॅक्सनव्हिल आणि पडूकाची. तिथे लोक हत्यारं घेऊन उभे राहिल्यामुळे झुंडबळी टळले होते. म्हणजे १८९२ मध्ये जी गोष्ट छापून वाटता येत होती, ती १९५९ मध्ये पत्रात लिहायची झाली. बंदूक तीच; ऐकणारे बदलले.

ज्यांनी पत्रंही लिहिली नाहीत त्यांचं काय? जॉर्जियातल्या ली काउंटीत 'मामा डॉली' रेन्स नावाच्या सुईणबाई होत्या. १९६०च्या दशकात मतदार नोंदणीसाठी आलेले तरुण कार्यकर्ते त्यांच्या घरी राहायचे आणि रात्री बाई शॉटगन घेऊन पहारा द्यायच्या. हे आपल्याला कळतं ते त्या घरी राहिलेल्यांच्या आठवणींतून.

आठवणी उशिरा सांगितल्या जातात, त्यात भर पडते, हे मान्य. तरी एक आठवण मला फार विश्वासाची वाटते. १९३०च्या दशकात रोझा पार्क्स यांच्या घरी स्कॉट्सबरो खटल्यातल्या मुलांना वाचवण्यासाठी गुप्त बैठक भरली होती. टेबल बंदुकांनी भरलेलं. १९९२ च्या आत्मचरित्रात पार्क्स हे सांगतात आणि लगेच म्हणतात की आलेल्यांना काही खायला-प्यायला विचारायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. चहापाणी राहून गेल्याची ही चुटपुट कोणी शौर्य दाखवायला रचत नाही.

सरकारी दफ्तराचीही एक मेख आहे. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन लूथर किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. पण अर्ज केल्यामुळे निदान नोंद तरी झाली. मामा डॉलींच्या शॉटगनसाठी असा अर्ज शोधत बसण्यात अर्थ नाही. मात्र १८६५ चा मिसिसिपीचा कायदा, ज्याने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी घातली, तो मी पुन्हा काढून वाचला. परवाना कुठल्या काउंटीच्या मंडळाने द्यायचा हे सांगताना त्यात 'त्याच्या किंवा तिच्या' असे शब्द आहेत. कायद्याची ठरावीक भाषा असेल, म्हणून यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण माझ्या डब्यातलं पहिलं कार्ड आता तेच आहे.